न बोलला जाणारा ‘ह’

इंग्रजीत वारसाला ‘एअर’ म्हणतात. स्पेलिंग ‘एच’ने सुरू होतं, पण तो उच्चारत नाहीत, कानाला हा शब्द आणि हवेचा ‘एअर’ एकच. आनुवंशिकतेच्या ‘हेरिडिटी’त मात्र ‘ह’ खणखणीत. दोन्हींचं मूळ एकच, लॅटिन ‘हेरेस’, म्हणजे वारस.

‘ह’ गाळायला सुरुवात लॅटिन बोलणाऱ्यांनीच केली. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या इटलीतल्या पॉम्पेई शहराच्या भिंतीवर ‘हाबेआत’च्या (त्याच्याकडे असो) जागी ‘आबिआत’ खरडलेलं सापडतं. शुद्धलेखन न येणारा माणूस कानावर पडेल तसं लिहितो, म्हणून अशा चुका भाषाशास्त्राला सोन्यासारख्या. पुढे लॅटिनमधून निघालेल्या भाषांपैकी इटालियन ‘एरेदे’ने लिहिण्यातूनही ‘ह’ काढला. फ्रेंच ‘एरितिए’, स्पॅनिश ‘एरेदेरो’ आणि पोर्तुगीज ‘एर्देइरो’ यांनी तो नुसता कागदावर ठेवला. ईशान्य स्पेनमधल्या कॅटलान भाषेत शेवटच्या ‘द’चा ‘ऊ’ होऊन ‘एरेऊ’ झालं. तिकडे घराण्याची मालमत्ता सांभाळणारा, बहुधा थोरला मुलगा, तो एरेऊ.

१०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन राज्यकर्त्यांची फ्रेंच तिथल्या कोर्टकचेऱ्यांत शिरली आणि ‘एअर’ तिथून, कानावाटे आला. ‘हेरिटेज’ही फ्रेंचमधूनच आला, पण पुढे स्पेलिंग पाहून लोक त्यात ‘ह’ बोलू लागले. ‘हेरिडिटी’ आधी वारसाहक्काच्या कायद्यातला शब्द होता. जीवशास्त्रात तो रुळला एकोणिसाव्या शतकात.

शब्दांचं नातं ठरवताना नुसत्या सारखेपणावर जाऊ नये. ‘हीरो’ जवळचा वाटतो, पण तो ग्रीक, वेगळ्या कुळातला. आपला ‘वारस’ तर अरबीतून आलेला. खरी कसोटी म्हणजे तोच ध्वनिबदल दुसऱ्या शब्दांतही दिसायला हवा. संस्कृतमध्ये ‘ह’ असतो तिथे अनेकदा लॅटिनमध्ये ‘ह’ आणि ग्रीकमध्ये ‘ख’ मिळतो: हिम, लॅटिन ‘हिएम्स’ म्हणजे हिवाळा, ग्रीक ‘खेइमा’. हंसाचं ग्रीकमध्ये ‘खेन’. लॅटिनमध्ये मात्र ‘आन्सेर’, कारण तिथला ‘ह’ आधीच गळाला.

याच कसोटीवर अनेक अभ्यासक ‘हेरेस’ला संस्कृत ‘हा’ धातूशी जोडतात. ‘हा’ म्हणजे सोडणं, टाकून जाणं. ‘जहाति’, म्हणजे तो सोडतो, हे त्याचंच रूप. म्हणजे मुळात वारस हा कुणीतरी मागे सोडलेला. ग्रीकमध्ये त्याच मुळापासून ‘खेरा’, विधवा. आणि आपण रोज वापरतो ते ‘हीन’ आणि ‘हानी’ याच ‘हा’चे.