कुमितेचं तिसरं मिनिट

नागपुरात त्रिमूर्तीनगरात आमचा डोजो, म्हणजे कराटेचा वर्ग, पहिल्या मजल्यावर आहे आणि जिन्याच्या तोंडाशीच पानठेला. बरीच वर्षं माझा क्रम ठरलेला होता. ठेल्यावर एक सिगरेट, तोंडात दोन लवंगा, मग बावीस पायऱ्या, आणि वर गेल्यावर पोरांना "श्वास नाकानं घ्या" म्हणून दरडावणं. दिवसा मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. म्हणजे सकाळी अकरावीच्या वर्गात फळ्यावर हिमोग्लोबिन काढायचं आणि संध्याकाळी त्याच हिमोग्लोबिनला धूर पाजायचा.

माझं पितळ उघडं पाडलं ते एका पोट्ट्यानं. इंजिनिअरिंगचा, विशीतला, काडीसारखा. कुमिते, म्हणजे समोरासमोरची लढत, ३ मिनिटांची. पहिलं मिनिट माझं होतं, दुसरं निम्मं-निम्मं. तिसऱ्यात माझे हात आपोआप खाली आले आणि त्याची मावाशी गेरी, गोल फिरवून मारलेली लाथ, कानशिलावर बसली. नंतर पाणी पिताना तो म्हणाला, "सर, शेवटी शेवटी तुम्ही मागेच जाऊन राहिले होते." वय झालं रे, असं मी म्हणालो. तेव्हा मी ३७ वर्षांचा होतो.

तिसरंच मिनिट का? काता, म्हणजे ठरलेल्या हालचाली एकट्यानं करताना मला कधी दम लागला नव्हता. अंबाझरी तलावाच्या काठानं सकाळी पळायचो तेव्हाही फारसा नाही. याचं उत्तर फुप्फुसांच्या शिलकीत आहे. आपण खुर्चीत बसून असतो तेव्हा मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा आतबाहेर करतो. जोरात कुमिते चालू असताना हाच आकडा १०० लिटरच्या पुढे जातो. मधली सगळी शिल्लक रोजच्या जगण्यात लागतच नाही, त्यामुळे तिला गळती लागली तरी कळत नाही. आणि जो रोज व्यायाम करतो त्याचं हृदय, स्नायू इतके तयार असतात की ते फुप्फुसांची उधारी बरेच दिवस परस्पर भागवतात. तंदुरुस्त माणसाची सिगरेट त्यामुळेच जास्त फसवी, असं माझं मत आहे. गल्लीतल्या ढेरपोट्या काकांना जिना चढतानाच धाप लागते आणि ते डॉक्टरकडे जातात. आम्ही ब्लॅक बेल्टवाले जात नाही.

आता रक्ताकडे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. दिवसाला पाकीटभर ओढणाऱ्याचं साधारण ५ टक्के हिमोग्लोबिन, कधी त्याहून बरंच जास्त, या वायूनं अडवलेलं असतं. ५ टक्के म्हणजे काही फार नाही, असं वाटेल. पण रक्तदानात आपल्या ५ लिटर रक्तातून ३५० मिलिलिटर काढतात, म्हणजे ७ टक्के. रक्तदान करून आलेल्या पोराला मी त्या संध्याकाळी रिंगणात उतरू देत नाही. स्वतः मात्र वर्षानुवर्षं जवळपास त्याच अवस्थेत उतरत होतो. त्यातही एक खोड आहे: कार्बन मोनॉक्साइड बसला की शेजारी बसलेला ऑक्सिजनसुद्धा स्नायूंपाशी गेल्यावर लवकर सुटत नाही. प्रवासी गाडीत चढला, स्टेशनही आलं, पण दार उघडत नाही, तसं काहीतरी.

भरीला निकोटिन. ते झुरका घेतल्यापासून १० ते २० सेकंदांत मेंदूत पोचतं, ॲड्रेनॅलिन सोडवतं, हृदयाचे ठोके वाढवतं. लढत सुरू होण्याआधीच इंजिन तापलेलं. हृदयाला वर जायला जेवढी जागा हवी, त्यातली काही आधीच खर्ची पडलेली असते.

जुन्या आखाड्यांच्या भागात बिडी 'पानाची, म्हणून साधी' समजणारे लोक अजून भेटतात. तेंदूपत्ता आपल्याच विदर्भाच्या जंगलातला, म्हणून जिव्हाळाही असेल. पण त्या पानातून हवा शिरत नाही, बिडी सारखी विझते, म्हणून ती जोरानं आणि वारंवार ओढावी लागते. तंबाखू कमी असूनही टार आणि कार्बन मोनॉक्साइड सिगरेटपेक्षा जास्तच आत जातात.

मी सोडली ती एका सोमवारी, आणि मला वाटलं गुरुवारपर्यंत मी वाघ होईन. हिशेब तसाच दिसत होता. कार्बन मोनॉक्साइड दर ४-५ तासांनी निम्मा होतो, दिवसभरात रक्त जवळजवळ साफ. निकोटिन तर दर २ तासांनी निम्मं. प्रत्यक्षात गुरुवारी मला नारिंगी पट्ट्याच्या नवशिक्या पोरानंसुद्धा दोन पॉइंट मारले.

या लेखात मला सांगायचं आहे ते खरं हेच. सोडल्यावर दम वाढायच्या आधी खेळ बिघडतो, आणि नेमक्या तिथेच खेळाडू परत ठेल्यावर जातो. 'आपल्या बॉडीला सिगरेटची सवय आहे, ती सोडली की परफॉर्मन्स पडतो,' हे वाक्य मी किमान चार जणांकडून ऐकलंय, आणि चौघंही खोटं बोलत नव्हते. परफॉर्मन्स खरंच पडतो. फक्त कारण ते समजतात ते नाही.

वर्षानुवर्षं निकोटिन मिळाल्यामुळे मेंदूत ते पकडणाऱ्या ग्राहींची संख्या वाढलेली असते. पुरवठा तुटला की हे सगळे उपाशी. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, मग ओसरत ओसरत साधारण ३-४ आठवडे. ग्राहींची संख्या मूळ पातळीवर यायला मात्र काही आठवडे ते तीनेक महिने जातात. या काळात चिडचिड होते, झोप मोडते, आणि आमच्या कामाचं म्हणजे लक्ष विस्कटतं. समोरच्याचा खांदा हलला हे डोळ्यांना दिसतं, पण हात ब्लॉकला क्षणभर उशिरा निघतो. कुमितेत त्या क्षणाचाच पॉइंट असतो.

खोकल्याचंही तसंच. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला बारीक केस असतात, कफ वर ढकलणारे. धुरानं ते लुळे पडतात. धूर थांबला की ते हळूहळू कामाला लागतात आणि साचलेला माल वर यायला लागतो. मला दुसऱ्या आठवड्यात इतका खोकला झाला की घरून फर्मान निघालं, "आधी बरं होतं, आता तर टीबी झाल्यासारखे खोकता." सफाई चालू आहे, असं मी म्हणायचो. कोणाला पटलं नाही. (खोकला लांबला किंवा त्यात रक्त दिसलं, तर मात्र सफाई म्हणून सोडून देऊ नये, छातीच्या डॉक्टरांना दाखवावं.)

आणि चहा! हे मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं, शोधून वाचावं लागलं. धुरातल्या टारमुळे यकृतातलं एक एन्झाइम जास्त जोमानं काम करतं, आणि कॅफिनची विल्हेवाट लावणारं एन्झाइम तेच. त्यामुळे ओढणाऱ्याच्या अंगात कॅफिन जवळजवळ दुप्पट वेगानं संपतं. सिगरेट सुटली की साधारण आठवडाभरात एन्झाइम मूळ गतीवर येतं. चहाचे कप तेवढेच राहिले, तर रक्तातलं कॅफिन दुपटीच्या घरात जातं. हात थरथरतात, छाती धडधडते, रात्री दोन वाजता माणूस छताचा पंखा बघत असतो आणि दोष देतो सिगरेट सोडण्याला. मी सहा कपांवरून तीनवर आलो आणि दोन दिवसांत झोप लागली. ठेल्यावर चहा-सिगरेटची जोडी होती, ती तुटली हा वरचा फायदा.

मदत घ्यायची की नाही, यावर आमच्या लोकांशी माझं नेहमी वाजतं. पट्टा बांधणाऱ्याला वाटतं, मनगटात जोर आहे तसा मनातही आहे. आकडे तसं म्हणत नाहीत. कसलीही मदत न घेता सोडणाऱ्यांपैकी वर्षभर टिकतात ते शेकडा ३ ते ५. निकोटिनचं च्युइंगगम किंवा पट्टी घेतली तर यशाची शक्यता साधारण दीडपट होते, दोन्ही मिळून घेतले तर आणखी थोडी. व्हरेनिक्लिन, बुप्रोपिऑन या गोळ्याही आहेत, त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानंच. फोनवर समुपदेशन हवं तर राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६ फुकट आहे. हा नंबर पाकिटावरच छापलेला असतो. उत्तेजक द्रव्यांची भीती असेल तर, निकोटिन जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या बंदी यादीत नाही. २०१२पासून ती त्यावर नुसती नजर ठेवून आहे.

गम चघळायचं कसं हे मात्र नागपूरकराला वेगळं सांगावं लागतं, कारण आपल्याला सवय खर्र्याची, म्हणजे तंबाखू, सुपारी आणि चुन्याच्या मिश्रणाची. दोन-चारदा चावायचं, जिभेला मिरमिर जाणवली की थांबायचं आणि गम गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं. मिरमिर गेली की पुन्हा दोन-चारदा. असं अर्धा तास. निकोटिन गालाच्या अस्तरातून शोषलं जातं. रवंथ केल्यासारखं चघळलं तर ते लाळेबरोबर पोटात जातं, मळमळतं, उचक्या लागतात आणि तलफ जागच्या जागी. गमच्या पंधरा मिनिटं आधी आणि गम तोंडात असताना संत्र्याचा रस, कोला, कॉफी नको, आंबटपणानं शोषण कमी होतं.

खर्र्याचा विषय निघालाच आहे तर, सिगरेट सोडून खर्रा धरणं ही आपल्याकडची खास पळवाट. 'धूर तर नाही ना बे!' धूर नाही, पण चुन्यामुळे निकोटिन उलट जास्त सहज शोषलं जातं. आणि त्यातली सुपारी तंबाखूशिवायसुद्धा कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्येच ठरवलं. सुपारीनं गालाच्या आतलं अस्तर दोरीसारखं कडक होत जातं आणि तोंड उघडेनासं होतं. निरोगी माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटं उभी मावतात. आमच्याकडे एका चांगल्या खेळाडूला दातांवर बसवायचा नवा गमशिल्ड दिला, तर तो तोंडात जाईना. साइझ चुकली म्हणून त्यानं दोनदा बदलून आणला. साइझ बरोबर होती.

व्यायामानं तलफ मरते का? त्या वेळेपुरती, हो. तलफेची लाट काही मिनिटांचीच असते, आणि ५-१० मिनिटं भरभर चाललं किंवा सावलीशी लढलं तरी ती खाली बसते, हे अनेक प्रयोगांत दिसलंय. नुसत्या व्यायामानं सिगरेट कायमची सुटते, असा भक्कम पुरावा मात्र नाही. तसा असता तर मी १५ वर्षं ओढली नसती. श्वासाचं थोडं वेगळं आहे. एका सिगरेटीत दहा-बारा लांब झुरके असतात, आणि निकोटिन वजा केलं तर ते लांब श्वासच आहेत. श्वास सोडताना व्हेगस मज्जातंतूमुळे हृदय थोडं मंदावतं. उच्छ्वास लांबवला की ती शांतता वाढते. मोकुसोत, म्हणजे वर्गात डोळे मिटून शांत बसतो तेव्हा, आपण हेच करतो. तलफ आली की मी जिन्यातच बसून मोकुसो करायचो. सांचिन नावाच्या कातामधला ताण देऊन, घसा आवळून सोडायचा श्वास मात्र इथे नको, त्यानं रक्तदाब चढतो.

वजन वाढतं, सरासरी ४-५ किलो, पहिल्या वर्षात. ६७ किलोखाली खेळणाऱ्याला ७५च्या गटात जावं लागेल, जाऊ द्या.

फुप्फुसांनी किती परत दिलं? अमेरिका आणि कॅनडात १९८६ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, फुप्फुसांना नुकती इजा होऊ लागलेल्या सुमारे ५,९०० लोकांना ११ वर्षं फुंकायला लावलं आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर येते ते मोजलं. ओढत राहिलेल्यांची ही हवा वर्षाला सुमारे ६० मिलिलिटरनं घटत गेली, सोडून टिकलेल्यांची त्याच्या निम्म्यानं. सोडल्यावर पहिल्या वर्षी किंचित भर पडली, पण गेलेलं सगळं आलं नाही. माझ्या स्पायरोमेट्रीच्या, म्हणजे याच फुंकायच्या चाचणीच्या, कागदावरही तसंच आहे. आठ महिन्यांच्या अंतरानं काढलेल्या दोन रेषांपैकी दुसरी पहिलीच्या जराशी वर.

तिसरं मिनिट आता पुरतं. परवा त्याच पोट्ट्याबरोबर खेळलो, एका पॉइंटनं हरलो, पण हात वर होते. शेवटी वाकून 'ओस', म्हणजे आमचा नमस्कार, झाला, तो जवळ आला आणि मला वास आला. सिगरेट सुटल्यावर नाक परत येतं, हेही पुस्तकात होतं. लवंग होती, आणि लवंगेच्या मागे दुसरं काहीतरी. धाप मलाच लागली होती. तो पंजांवर उड्या मारत विचारत होता, "सर, अजून एक राउंड?"