केसभर फट आणि दोन लोखंडी गोळे

पवनचक्की म्हटले की सोलापूरकराच्या डोळ्यांपुढे माळावरचा उंच पांढरा खांब आणि त्याची तीन पाती उभी राहतात. या यंत्रात पवन आहे, पण चक्की कोठेच नाही. ते धान्याचा एक दाणाही दळत नाही, वीज तयार करते. नावातली चक्की ही त्याच्या पूर्वजांची आठवण आहे. त्या पूर्वजांपैकी एक इंग्लंडमधील यॉर्क शहरात, एका निवासी वसाहतीच्या मधोमध, वर्तुळाकार रस्त्याच्या आत उभी आहे. होलगेटची ही पवनचक्की 1770 साली बांधली गेली आणि 1933 साली बंद पडली. 2001 साली तिच्या जीर्णोद्धारासाठी संस्था स्थापन झाली आणि 2012 पासून तेथे पुन्हा गव्हाचे पीठ पडू लागले.

पाऊस लांबला की पवनचक्क्या ढग पळवून लावतात, अशी हाकाटी आपल्याकडे दर दोन-चार वर्षांनी उठते, तिचा निकाल आधीच लावलेला बरा. पात्याचे टोक जमिनीपासून फार तर दोन-अडीचशे मीटरवर पोहोचते. पाऊस देणारे ढग कित्येक किलोमीटर उंच वाढलेले असतात आणि त्यांतले बाष्प समुद्रावरून शेकडो किलोमीटर प्रवास करून आलेले असते. सोलापूरच्या वाट्याला पाऊस कमी येतो तो सह्याद्रीच्या आडोशामुळे, आणि सह्याद्री पवनचक्क्यांच्या कितीतरी आधीपासून तेथे आहे.

जुन्या पवनचक्कीची छायाचित्रे पाहणाऱ्याचे लक्ष पात्यांवर खिळते. होलगेटला चारऐवजी पाच पाती आहेत, हेही आवर्जून सांगितले जाते. (चारांतले एक मोडले तर त्याच्या समोरचे उतरवून उरलेल्या दोनांवर काम चालवता येते, पाचांत समोरासमोर जोडीच नसल्याने ही सोय नाही.) मला मात्र या यंत्राचे खरे मर्म खालच्या मजल्यावर, दोन दगडांमधल्या फटीत दिसते.

रचना आपल्या जात्याचीच आहे. खालचा दगड स्थिर आणि वरचा फिरता. फरक आकाराचा आणि वेगाचा आहे. सुमारे चार फूट व्यासाचा, जवळजवळ एक टन वजनाचा वरचा दगड मिनिटाला शंभर-सव्वाशे फेरे घेतो. एवढा दगड खालच्या दगडाला टेकला तर ठिणग्या उडतील, म्हणून तो एका उभ्या लोखंडी दांड्याच्या टोकावर तोललेला असतो आणि त्या दांड्याचे बूड एका आडव्या तुळईवर टेकलेले असते. तुळईचे एक टोक किंचित उचलले की दगड उचलतो, खाली सोडले की दगड खाली येतो. दोन दगडांमधली फट मध्यभागी जाड खाकी कागदाएवढी आणि कडेला पतंगाच्या कागदाएवढी असावी, असा जुना अंदाज आहे.

वारा एकसारखा असता तर ही फट एकदा बसवून चक्कीवाला निश्चिंत झोपला असता. पण वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे वारा दुप्पट झाला की शक्ती आठपट होते. झोत आला की दगड भरभर फिरू लागतो. धान्याची पन्हाळ हलवणारा दांडा दगडाबरोबरच फिरत असल्याने तोही जलद धक्के देतो आणि दगडांच्या मध्ये जास्त धान्य शिरते. त्या जाड थरावर वरचा दगड उचलला जातो, फट वाढते आणि पीठ जाडेभरडे पडते. म्हणजे वेग वाढला की दगड खाली आणायचा असतो. माझी स्वतःची समजूत आधी नेमकी उलटी होती. वेग वाढला तर घर्षण टाळण्यासाठी दगड वर उचलावा, असे मला वाटले होते.

हे काम दोन लोखंडी गोळे करतात. फिरत्या उभ्या दांड्याला बिजागरीने जोडलेल्या दोन हातांच्या टोकांना ते लटकलेले असतात. वेग वाढला की गोळे बाहेर फाकतात, त्यांना जोडलेली कडी दांड्यावर वर सरकते, कडी एका लांब तरफेचे टोक उचलते आणि तरफेच्या दुसऱ्या बाजूला तुळई खाली येते. तरफ लांब असल्याने गोळे चार बोटे हलले तरी दगड केसभरच हलतो. गोळ्यांना बाहेर खेचणारा परिणाम वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे वेगातील दहा टक्के वाढ तेथे एकवीस टक्के होऊन पोहोचते. या लहानशा जुगाडाची संवेदनशीलता त्यातच आहे. शिवाय फट आवळली की दळण्याचा भार वाढतो आणि वेगालाही थोडा लगाम बसतो.

या गोळ्यांचे श्रेय जेम्स वॉटला देण्याची आपली सवय आहे. प्रत्यक्षात टॉमस मीडने पवनचक्कीसाठी अशा नियंत्रकाचे पेटंट 1787 साली घेतले होते. वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने 1788 साली लंडनच्या अल्बियन या पिठाच्या गिरणीत असे गोळे पाहून वॉटला कळवले आणि वॉटने ते वाफेच्या झडपेला जोडले. असा नियंत्रक कधी स्थिरावतो आणि कधी हेलकावे खात राहतो, याचे गणित भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेलने 1868 साली मांडले. सोलापूरची जुनी मिल 1877 ची. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांवर असे गोळे असतच, कारण वेग डचमळला की सूत तुटते. मराठीत पिठाची आणि कापडाची अशा दोन्ही ठिकाणांना गिरणी म्हणतात, आणि हे गोळे पहिलीतून दुसरीत गेले.

जीर्णोद्धारात म्हणूनच भिंतीला चुना लावून भागत नाही. दगडांच्या खाचा बोथट झाल्या असतील तर त्यांना टाकी लावावी लागते. लोखंडी चाकाशी भिडणारे दुसऱ्या चाकाचे दाते मुद्दाम लाकडाचे असतात. त्यामुळे आवाज आणि ठिणग्या टळतात, आणि अडकाव झाला तर एखादा दाता मोडून चाक वाचते. असे दाते सफरचंदाच्या झाडासारख्या चिवट लाकडाचे करतात; आपल्याकडे औताला बाभूळ लागते, त्यातलाच हा प्रकार.

आमच्या गल्लीतल्या गिरणीला गोळे नाहीत, कारण विजेची मोटर वेग जवळजवळ एकसारखा ठेवते. फट मात्र तेथेही हातानेच जुळवावी लागते. परवा गव्हानंतर माझी ज्वारी लागली, तेव्हा गिरणीवाल्याने पहिले पीठ अंगठा आणि तर्जनीत चोळून पाहिले, "भाकरीला जाड हाय," असे म्हणून चाक पाव फेरा आवळले आणि पुन्हा चिमूट घेतली.