‘रक्तातच आहे’ म्हणण्याआधी: महाराष्ट्रातल्या फौजी घरांतल्या स्वप्नांची पार्श्वभूमी

‘हवालदाराचा मुलगा झाला लेफ्टनंट’ अशी बातमी सातारा-सांगलीकडच्या पेपरांत जून आणि डिसेंबरात हटकून दिसते. डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीतून तुकड्या बाहेर पडण्याचे हे दोन महिने. फोटोही ठरलेला. मुलाच्या खांद्यावर नवे कोरे दोन स्टार, आईच्या डोळ्यांत पाणी, आणि निवृत्त वडील छातीवर पदकं लावून पोटच्या पोराला सॅल्यूट ठोकताहेत. खालच्या मजकुरात एक वाक्य कुठेतरी येतंच: सैन्य यांच्या रक्तातच आहे.

त्या सॅल्यूटमध्ये जे आहे ते रक्ताच्या भाषेत सांगता येत नाही. वडिलांनी उभी नोकरी ज्यांना ‘साहेब’ म्हणत काढली, त्यांच्या पंगतीत मुलगा जाऊन बसला. ही इच्छा घेऊन कुणी जन्माला येत नाही. ती पलटणीच्या शाळेत, बापाच्या बदल्यांत आणि ऐन दहावीच्या वर्षी सुरू होणाऱ्या पेन्शनीत घडते. आणि या प्रत्येक गोष्टीला सनावळी आहे.

आधी ते ‘रक्त’च बघू. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई इलाख्याच्या फौजेत मराठे होते, महार होते, मुसलमान होते, कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे ज्यूही होते. पलटणीला हजेरीपट, हिशेब आणि हुकूम वाचणारी माणसं लागत, म्हणून पलटणीबरोबर शाळा असे, आणि शिपायांची मुलंही तिथे शिकत. गावच्या शाळेत ज्यांच्या पोरांना ओसरीवरही जागा नव्हती, त्यांना अक्षर भेटलं ते छावणीत. रामजी मालोजी सकपाळ याच वाटेनं वर आले. वडील मालोजी फौजेत, रामजी स्वतः सुभेदार आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत त्यांना चौदावं अपत्य झालं. नाव भीमराव.

डॉ. आंबेडकरांच्या चरित्रातला हा भाग आपण ‘वडील लष्करात होते’ एवढ्या ओळीत उरकतो. खरं तर सगळी मेख तिथेच आहे. घरात एक निवृत्त फौजी मास्तर होता, हातात बेताची का होईना पेन्शन होती, आणि मुलानं शिकलंच पाहिजे हा हट्ट होता. निवृत्तीनंतर कुटुंब आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला आलं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमरावांचं नाव घातलं गेलं. वर्गात त्यांना बसायला वेगळं गोणपाट होतं. शाळेचा शिपाई त्याला हात लावत नसे, म्हणून संध्याकाळी ते गुंडाळून घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. म्हणजे बाप छावणीत सुभेदार, मुलांना शिकवणारा, आणि पोरगा गावात गोणपाट काखोटीला मारून चालणारा. माणसाची किंमत वेगळ्या मापानं मोजली जाऊ शकते, हे या घरानं एकदा पाहिलेलं होतं. अशा घरातल्या मुलाला गावचं माप ‘असंच असतं’ म्हणून पटणं कठीण.

आणि नेमक्या याच सुमारास दार बंद झालं. १८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानचे सरसेनापती होते. काही जमाती जात्याच लढाऊ आणि बाकीच्या नाहीत, हा सिद्धांत त्यांच्या कारकिर्दीत भरतीचं धोरण बनला. १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत महारांची भरती थांबली. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेच्या सरकारकडे मागणी नेली. हे अर्ज नोकरीसाठीचे म्हणून वाचले जातात आणि ते बरोबरच आहे. पण नोकरीबरोबर पलटणीची शाळाही जात होती, पेन्शनही जात होती, पुढच्या पिढीच्या हातातली पाटीही जात होती. रक्त होतं तेच राहिलं, बदललं फक्त भरतीचं परिपत्रक. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर मोडलीही गेली. कायमची महार रेजिमेंट उभी राहायला १ ऑक्टोबर १९४१ उजाडावं लागलं, तेही दुसरं महायुद्ध पेटल्यावर, बेळगावात.

म्हणून ‘रक्तातच आहे’ हे वाक्य आपण कौतुकानं म्हणतो तेव्हा रॉबर्ट्ससाहेबाचीच री ओढत असतो. त्याला ते मराठीत ऐकायला मिळालं असतं तर फार आवडलं असतं.

ज्यांच्यासाठी दार उघडं राहिलं, त्या गावांत वेगळं काही घडत होतं. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याचं उदाहरण सगळे देतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले आणि गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटला. अशा गावांत मुलाची पहिली महत्त्वाकांक्षा निवडलेली नसते, ती रस्त्यावर पळताना दिसते. पहाटे पाचला अंधारात डांबरी सडकेवर बुटांचा आवाज येतो. भरतीची तयारी करणारी पोरं पळत असतात, आणि आठ-दहा वर्षांची धाकटी भावंडं चप्पल हातात घेऊन त्यांच्यामागे. त्याला ध्येय म्हणावं का, हा प्रश्नच आहे. मला ती वहिवाट वाटते. स्वप्न पुढे सुरू होतं, जेव्हा फौजीचं पोर ‘भरती’ऐवजी ‘एनडीए’ म्हणायला लागतं, म्हणजे अधिकारी घडवणारी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी.

या दोन शब्दांतलं अंतर सरकारनं स्वतः आखून दिलेलं होतं. १९२२ हे साल त्यासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी १३ मार्चला डेहराडूनला प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते एक लष्करी शाळा उघडली. विलायतेतल्या सँडहर्स्टच्या लष्करी अकॅडमीत जाऊन अधिकारी होऊ शकतील अशी मुलं तयार करणं हा तिचा हेतू. आज तिला राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज म्हणतात. त्याच वर्षी झेलम आणि जालंधरला दुसऱ्या प्रकारच्या शाळांचा पाया घातला गेला, किंग जॉर्जच्या नावानं. या भारतीय शिपायांच्या मुलांसाठी होत्या. त्यांनी शिकावं, शिस्त अंगी बाणवावी आणि बापापेक्षा चांगले नाईक, हवालदार, फार तर सुभेदार व्हावं. एका शाळेतून साहेब निघणार, दुसरीतून साहेबांचे विश्वासू. छप्पर किती उंचीवर घालायचं हे आधीच ठरलेलं. पुढे अजमेर (१९३०), बेळगाव (१९४५) आणि बंगळूर (१९४६) इथेही अशा शाळा निघाल्या. स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये त्यांची पब्लिक स्कूलच्या धर्तीवर फेररचना झाली आणि अधिकाऱ्यांची व नागरी कुटुंबांतली मुलंही तिथे येऊ लागली. आता त्यांना राष्ट्रीय मिलिटरी स्कूल म्हणतात. छप्पर निघालं, पण जवानाच्या घरात ती जुनी उंची बराच काळ मोजली जात राहिली. आजही क्वार्टरमध्ये ‘साहेबांची मुलं’ आणि ‘आपली मुलं’ हे शब्द सहज येतात. खेळाचं मैदान एक, बस एक, घरं मात्र दोन दिशांना.

मराठी मुलखात मोठा फरक पडला तो २३ जून १९६१ ला, देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्याला सुरू झाली तेव्हा. संरक्षणमंत्री होते व्ही. के. कृष्ण मेनन आणि मुख्यमंत्री साताऱ्याचेच यशवंतराव चव्हाण. अधिकारी मोजक्या प्रांतांतून आणि मोजक्या घरांतून येतात, हे असंतुलन मोडायचं होतं. सहावीत किंवा नववीत प्रवेश परीक्षा द्यायची, वसतिगृहात राहायचं आणि एनडीएच्या परीक्षेला उतरायचं. खडकवासल्याची एनडीए १९५५ मध्ये सुरू झालेली, साताऱ्याहून फार लांब नाही. ही शाळा फक्त फौजींच्या मुलांसाठी नव्हती, शेतकऱ्यांची मुलंही तिथून अधिकारी झाली. पण सुभेदार-हवालदारांच्या घरांत तिनं एक नेमकी गोष्ट केली: साहेब होण्याचा रस्ता पाचवीतल्या पोराला दिसेल इतका जवळ आणला. तोवर साहेब हे वरून येणारे होते.

दीडच वर्षात, नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीन युद्धाच्या धामधुमीत यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. त्याच महिन्यात एका वेगळ्या योजनेला मंजुरी मिळाली, जिची आठवण कुणी काढत नाही. वारंवार बदली होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी देशभर सारख्या अभ्यासक्रमाच्या शाळा. १९६३ मध्ये २० रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन सुरुवात झाली. ही आजची केंद्रीय विद्यालयं. माझ्या मते फौजी मुलांच्या महत्त्वाकांक्षेवर सैनिक शाळांपेक्षा यांचा परिणाम खोल आहे, कारण इथून मुलं फौजेत कमी आणि फौजेबाहेर जास्त गेली.

त्याआधी बदली म्हणजे काय होतं ते आठवा. काळी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात वडिलांचा नंबर, हुद्दा आणि नाव. नवी पलटण आली की जुन्या युनिटचं नाव खोडून त्यावर नवं रंगवायचं. जुनी ट्रंक नीट पाहिली तर रंगाच्या थराखाली तीन-चार गावं सापडतात. ट्रंकेच्या तळाशी वर्तमानपत्र, त्यावर पुस्तकं, सगळ्यात वर प्लास्टिकच्या पिशवीत शाळेचा दाखला. दाखला हरवला तर वर्ष जायचं. नव्या राज्यात नवी भाषा, नवा बोर्ड, गणितात झालेला धडा पुन्हा आणि न झालेला कधीच नाही. वडिलांना फील्ड पोस्टिंग मिळालं की कुटुंब गावी, मुलगा पुन्हा मराठी शाळेत. म्हणून अनेक जवानांनी कुटुंब कधी हलवलंच नाही. अधिकाऱ्यांच्या मुलांनी देश पाहिला, बहुसंख्य जवानांच्या मुलांनी वर्षाला दोन महिन्यांची सुट्टी पाहिली. ‘फौजी मुलं सगळीकडे रुळतात’ हे सरसकट वाक्य म्हणूनच अर्ध्याच घरांना लागू पडतं.

केंद्रीय विद्यालयाच्या प्रवेशात एक रकाना असतो: गेल्या सात वर्षांत पालकाच्या किती बदल्या झाल्या. बदल्या जास्त, तर प्राधान्य जास्त. घरासाठी जे हाल होते ते त्या रकान्यात गुण झाले. मग १९८३ मध्ये आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटी निघाली, छावण्यांतल्या आर्मी स्कूल तिच्याकडे आल्या आणि १९९४ मध्ये पुण्याच्या दिघीत फक्त लष्करी जवान-अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी उभी राहिली. २००६-०७ पासून माजी सैनिकांच्या मुलांना व्यावसायिक पदव्यांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती मिळू लागली. या सगळ्याचा कल पाहा. फौजेनं शाळा काढल्या होत्या फौजी घडवायला, आणि शंभर वर्षांत तीच यंत्रणा इंजिनिअर, डॉक्टर, वकील घडवण्याकडे वळली. बापानं वर्दी घातली ती मुलाला घालावी लागू नये म्हणून, असं कितीतरी घरांत स्पष्ट बोललं जातं. फक्त पेपरवाल्यांसमोर नाही.

आता पेन्शनीचं वय. अठरा-एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला शिपाई पंधरा-सतरा वर्षं भरली की पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. मूल त्या वेळी आठवी ते दहावीत असतं. म्हणजे ज्या वर्षी बाप पहिल्यांदा कायमचा घरी राहायला येतो, त्याच वर्षी घरात ‘पुढे काय’ हा प्रश्न उभा राहतो. बापाला पेन्शन चालू असते, वर बँकेत किंवा एटीएमवर सुरक्षारक्षकाची दुसरी नोकरी. लातूरचा किंवा पुण्याचा क्लास, खोलीचं भाडं, मेस हे त्या दोन पगारांत बसतं. महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशांत फौजी मुलांसाठी डेफ-१, डेफ-२, डेफ-३ असे वेगवेगळे गट आहेत: वडील निवृत्त आहेत की सेवेत, इथले रहिवासी आहेत की बदलीनं आलेले, यावर गट ठरतो. या तीन शब्दांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखल्यांची फाईल घेऊन ताटकळणारे बाप दर उन्हाळ्यात दिसतात. सीमेवर उभं राहायची सवय असते म्हणून रांगेचं काही वाटत नाही, असं नाही. त्यांनाही कंटाळा येतो.

मुलींचं स्वप्न या इतिहासात फार उशिरा आलं. १९९२ मध्ये वैद्यकीय सेवेबाहेरही स्त्रियांना अधिकारी म्हणून घेऊ लागले, पण एनडीएचं दार ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं उघडलं. २०२१-२२ पासून सगळ्या सैनिक शाळांत मुली आल्या. ३० मे २०२५ रोजी खडकवासल्यातून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. सुभेदाराच्या मुलीला याआधी सैन्य माहीत होतं ते आईच्या नजरेतून: बदलीचं सामान बांधणं आणि फोनची वाट पाहणं.

आणि १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना आली. चार वर्षांची सेवा, त्यानंतर चौघांतला फार तर एक पुढे कायम, बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी. त्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. या योजनेवर लष्कराच्या अंगानं खूप वाद झाले, शाळेच्या अंगानं क्वचितच. विशीच्या आसपास गेलेला मुलगा बाविशी-पंचविशीत घरी येणार, बहुधा लग्नाआधीच. त्याचं मूल जेव्हा पहिलीत जाईल तेव्हा वडिलांच्या वर्दीचा फोटो भिंतीवर असेल, पहाटेच्या सडकेवरून बुटांचा आवाजही येत असेल. फॉर्ममधल्या बदल्यांच्या रकान्यात मात्र आई शून्य लिहील.