तेल परावलंबन

वाहतूक, शेती आणि उद्योग खनिज तेलावाचून चालेनासे होणे, आणि तेल कोण विकते व कोणत्या वाटेने येते यावर देशाचे धोरण ठरू लागणे, याला तेल परावलंबन म्हणतात. तेल विकत घेणारा देश यात अडकतो तसाच विकणाराही.

तेलाचा भाव दुप्पट झाला म्हणून ट्रक आणि ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी वेगळ्या इंधनावर धावू लागत नाहीत. ग्राहकाची हीच अडचण विक्रेत्याची ताकद ठरते. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी इस्रायलच्या पाठीराख्यांचे तेल तोडले, तेव्हा पिंपाचा भाव काही महिन्यांत सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेला. ग्राहक देशांनीही बळ वापरले. इराणचे पंतप्रधान मोहम्मद मोसाद्देक यांनी १९५१ मध्ये तेल उद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले. १९५३ मध्ये त्यांची सत्ता उलथली, त्यामागे अमेरिका व ब्रिटनच्या गुप्तचर यंत्रणा होत्या. जगात खपणाऱ्या तेलाचा सुमारे पाचवा हिस्सा पर्शियन आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जातो. आखाताचा ताबा दुसऱ्या कोणी घेऊ पाहिल्यास लष्करी बळ वापरू, असे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९८० मध्ये जाहीर केले. अशा बंदोबस्ताचा खर्च करातून भागतो, पेट्रोलच्या भावात तो धरलेला नसतो.

निर्यातदार देशात तेलाच्या पैशामुळे चलन महागते, त्यामुळे इतर माल परदेशात महाग पडतो आणि ते उद्योग मागे पडतात. याला ‘डच आजार’ म्हणतात. सरकारचे उत्पन्न करदात्यांऐवजी तेलविहिरींतून येऊ लागले की त्याला नागरिकांना जाब देण्याची गरजही कमी वाटते.

सगळ्यात जड किंमत तेलाच्या शेजारी राहणारे मोजतात. व्यवहारात नसलेल्यांवर पडणाऱ्या अशा किमतीला अर्थशास्त्र ‘बाह्य खर्च’ म्हणते. हा शब्द फारच सौम्य आहे. नायजेरियातील ओगोनीलँडमध्ये प्रदूषणाविरुद्ध उभे राहिलेले लेखक केन सारो-विवा यांना आठ सहकाऱ्यांसह लष्करी राजवटीने १० नोव्हेंबर १९९५ रोजी फाशी दिली. तिथला तेलउपसा १९९३ मध्येच थांबला होता, तेलवाहिन्या मात्र राहिल्या. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०११ मध्ये पाहणीचा अहवाल दिला. निसिसिओकेन ओगाले या वस्तीत लोक ज्या विहिरींचे पाणी पीत होते, त्यांत कर्करोगकारक बेंझिन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून जास्त निघाले. हा प्रदेश पूर्ववत व्हायला २५ ते ३० वर्षे लागतील, असा त्या अहवालाचा अंदाज होता.