मिश्र विषाणुसंसर्ग : पिकांच्या ऊतींमधील प्रसार

एकाच रोपात दोन किंवा अधिक विषाणू एका वेळी असणे म्हणजे मिश्र विषाणुसंसर्ग. शेतात हा प्रकार सर्रास आढळतो. सांगली-साताऱ्यातल्या कृष्णा-वारणाकाठच्या उसात त्याला जास्तच वाव आहे, कारण ऊस कांडीपासून लावतात. बेण्याच्या उसात असलेले विषाणू डोळ्यातून नव्या कोंबात येतात आणि खोडव्यात तेच बेट पुन्हा फुटते. पुढच्या हंगामात माव्याने आणखी एखादा विषाणू आणला की त्यांत भर पडते. भारतात उसाच्या मोझॅकमागे (पानांवर फिकट-हिरवे पट्टे पाडणारा रोग) शुगरकेन मोझॅक आणि शुगरकेन स्ट्रीक मोझॅक हे दोन विषाणू आहेत व ते एकत्रही सापडतात. पिवळ्या पानाच्या रोगाचा विषाणू तिसरा.

रोपातला प्रवास दोन टप्प्यांत होतो. शेजारशेजारच्या पेशींना जोडणाऱ्या अतिसूक्ष्म मार्गिकांतून (प्लाझ्मोडेस्माटा) विषाणू आधी हळूहळू सरकतो. या मार्गिका विषाणूला अरुंद पडतात, म्हणून तो स्वतःच्या वहन-प्रथिनाने त्या रुंदावतो. तिथून रसवाहिनीला लागून असलेल्या सहपेशींमार्गे तो साखर वाहून नेणाऱ्या रसवाहिनीत शिरला की वेग एकदम वाढतो, कारण पुढे साखरेच्या प्रवाहाबरोबर वाहत जाणेच उरते. साखर जिकडे जाते तिकडे विषाणू जातो : मुळांकडे, वाढत्या कोंबाकडे, कोवळ्या पानांकडे. संसर्गाआधीच पूर्ण वाढलेली पाने त्यामुळे बऱ्याचदा स्वच्छ दिसतात.

विषाणू दोन असले की खरा प्रश्न येतो तो त्यांच्या नात्याचा. नाते जवळचे असेल तर पहिला दुसऱ्याला अडवतो. तंबाखू मोझॅकच्या एका वाणाने ग्रासलेल्या ऊतीत दुसरा वाण शिरत नाही, हे वनस्पतिरोगतज्ज्ञ मॅकिनी यांनी १९२९ मध्ये दाखवले. पुढे वेगवेगळ्या रंगांत चमकणारी प्रथिने जोडून केलेल्या प्रयोगांत असे सख्खे विषाणू एकाच पानात वेगवेगळे पेशीसमूह व्यापून, केवळ सीमेवर एकमेकांना भिडलेले दिसले. लांबच्या नात्याचे विषाणू मात्र एकाच पेशीत सुखाने वाढतात. रोप एक असले तरी पेशी सामायिक असेलच असे नाही, हे मिश्र संसर्गाबद्दल बोलताना फार वेळा सुटते.

कधी एक दुसऱ्याचे काम सोपे करतो. तंबाखूत बटाट्याचे एक्स आणि वाय विषाणू एकत्र आले की एक्सचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते, वायचे जवळपास तेवढेच राहते. वनस्पती विषाणूचा आरएनए (त्याचा जनुकीय रेणू) ओळखून त्याचे तुकडे करते. वायचे एचसी-प्रो हे प्रथिन हा बचावच दाबून टाकते, हे १९९८ मध्ये उलगडले. त्याचा फायदा एक्सला मिळतो. बटाट्याचा लीफरोल विषाणू एकटा असताना सहसा रसवाहिनीबाहेर पडत नाही. वायसारखा सोबती मिळाल्यास तो पानाच्या मधल्या पेशींतही पोचू शकतो. उसातला पिवळ्या पानाचा विषाणू याच लीफरोलच्या गटातला, रसवाहिनीपुरता राहणारा आहे. मोझॅकचे विषाणू मात्र पानभर पसरतात.

शेतात ही लक्षणे वेगवेगळ्या ठिकाणी आणि वेगवेगळ्या वेळी दिसतात, हे लक्षात ठेवायला हवे. मोझॅकचे फिकट-हिरवे पट्टे कोवळ्या पानांवर लवकर उठून दिसतात. पिवळ्या पानाच्या रोगात मध्यशीर पिवळी पडते, तीही पीक पाच-सहा महिन्यांचे झाल्यावर. खोडव्यातला केवडा लोहाच्या कमतरतेने येतो. गवताळ वाढ फायटोप्लाझ्मा या भित्तिका नसलेल्या सूक्ष्म जीवाणूमुळे होते. दोन्ही विषाणूजन्य नव्हेत, पण याच बेटात दिसली की निदान आणखी अवघड होते. पानाचा रंग पाहून विषाणू ठरवू नये. प्रत्येकाची आरटी-पीसीआर चाचणी वेगळी करावी लागते.

बेण्याला उष्ण पाण्याची किंवा उष्ण हवेची प्रक्रिया गवताळ वाढीवर उपयोगी पडते, विषाणूंच्या बाबतीत तिचा भरवसा नाही. कोंबाच्या अगदी टोकाशी रसवाहिन्या तयार झालेल्या नसतात आणि तिथवर विषाणू सहसा पोचत नाहीत. मिलिमीटरच्याही आतला तो भाग काढून ऊतिसंवर्धनाने रोपे वाढवतात, त्यांची चाचणी घेतात आणि मगच ती मूलभूत बेण्याच्या मळ्यात जातात.