गोधडी झटकताना

नाशिकला थंडी पडू लागली की कपाटातल्या गोधड्या बाहेर येतात आणि खिडक्या बंद होतात. आमच्या पंचवटीतल्या घरात सकाळी उन्हाची तिरीप थेट पलंगावर पडते. मागच्या हिवाळ्यात धाकटा फ्लूने फणफणला होता. तो उठल्यावर आईने त्याची गोधडी तिथेच दोनदा झटकली आणि त्या तिरिपेत धुळीचा लोट उठला. मोठे धागे लगेच खाली बसले. बारीक कण मात्र माझा चहा पिऊन झाला तरी तरंगतच होते.

विषाणूला स्वतःहून उडता येत नाही. फ्लूचा विषाणू मिलिमीटरच्या साधारण दहा हजाराव्या भागाएवढा. शिंकेतला, शेंबडातला थेंब कापडावर वाळतो आणि विषाणू तंतूंना, धुळीला चिकटून राहतो. गोधडी झटकली, गादीवर मुलांनी उड्या मारल्या की तंतूंचे बारीक तुकडे सुटतात आणि विषाणू त्यांच्याबरोबर हवेत येतो. पुढचं सगळं कणाच्या आकारावर. 100 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण माणसाच्या उंचीवरून काही सेकंदांत खाली येतो, 5 मायक्रॉनच्या कणाला अर्धा तास लागतो, आणि 1 मायक्रॉनचा कण बंद खोलीत कित्येक तास रेंगाळतो.

2020 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हे गिनीपिगवर तपासलं. आधीच फ्लू होऊन गेलेल्या, म्हणजे पुन्हा तो न होणाऱ्या गिनीपिगच्या अंगाला त्यांनी विषाणू फासला. त्यांच्या श्वासातून विषाणू बाहेर पडणार नव्हता. तरीही वेगळ्या पिंजऱ्यातल्या, फक्त हवा सामायिक असलेल्या काही गिनीपिगना लागण झाली. ती केसांवरून उडालेल्या धुळीतून गेली होती. विषाणू लावून वाळवलेला कागदी रुमाल चुरगाळला, तर सेकंदाला 900पर्यंत कण हवेत उडत होते.

नोरोव्हायरस, म्हणजे उलट्या-जुलाबांचा विषाणू, याहून चिवट. इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात त्याची साथ ओसरून जवळपास दोन आठवडे झाल्यावर वॉर्डातला गालिचा उखडला, तर ते काम करणारे दोघे आजारी पडले. गालिच्यावरून रोज व्हॅक्युम फिरत होता, तरीही.

म्हणून घरातल्या सोफ्याची, पडद्यांची धास्ती घ्यावी असं मला वाटत नाही. फ्लू मुख्यतः आजारी माणसाच्या श्वासातून, खोकल्यातूनच पसरतो, आणि कापडावर त्याचा विषाणू साधारण 8 ते 12 तासांत निकामी होतो. कोरड्या हवेत तो जास्त तग धरतो, ही मात्र आपल्या हिवाळ्यातली अडचण. काळजी घ्यायची ती रात्रभर आजारी माणसाच्या अंगावर असलेल्या, सकाळी सगळ्यांच्या नाकासमोर झटकल्या जाणाऱ्या पांघरुणाची.

आई आता घरात गोधडी झटकत नाही. तोंडाला पदर बांधून ती कडा हळूच आत दुमडते, गच्चीवर नेते आणि दुपारपर्यंत उन्हात पसरून ठेवते. तोवर खाली मी दोन्ही खिडक्या उघडतो आणि केरसुणीऐवजी ओल्या फडक्याने पलंगाखालची धूळ पुसून घेतो.