दोन्ही टोकांचा इटरेटर: 'बॅक' या शब्दाचा घोळ

इटरेटर म्हणजे यादीतले घटक एकेक करून हाती देणारी यंत्रणा. प्रोग्रामिंग भाषांत तिच्यात उलट्या क्रमाने फिरायची सोय जुनी आहे. सी++च्या १९९८च्या मानकात बायडिरेक्शनल इटरेटर आहे, त्याच वर्षी जावा १.२मध्ये लिस्टइटरेटर आला, आणि २००४ साली पायथन २.४मध्ये रिव्हर्स्ड. रस्ट या भाषेत मात्र 'दोन्ही टोकांनी' (डबलएंडेड) या शब्दांचा अर्थ काटेकोरपणे बांधलेला आहे.

बायडिरेक्शनलमध्ये जागा दाखवणारी खूण एकच. ती पुढे न्या, मागे आणा, त्याच घटकावर पुन्हा उभी करा. रस्टच्या डबलएंडेडचा करार वेगळा: टोकं दोन, माल एकच, आणि प्रत्येक घटक एकदाच हाती येतो. यादीत चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल आहेत असं धरा. नेक्स्टने चर्चगेट मिळतं, नेक्स्ट_बॅकने मुंबई सेंट्रल. मग मरीन लाइन्स आणि ग्रँट रोड. उरलेलं चर्नी रोड जो आधी मागेल त्याचं, त्यानंतर दोघांनाही नन, म्हणजे 'काही उरलं नाही'. नवशिक्याला वाटतं, नेक्स्ट_बॅक म्हणजे नुकतंच गेलेलं स्टेशन परत येणार. येत नाही. इथे 'बॅक' म्हणजे शेपटाकडचं टोक. इटरेटर उलटा करणाऱ्या रेव्हचं नाव रस्ट १.०च्या आधी इन्व्हर्ट होतं, ते बदललं. बदलाची खरी गरज नेक्स्ट_बॅक या नावाला होती, पण तेच राहिलं. मे २०१५मध्ये १.० आल्यावर ते कायमचं झालं.

पुढे २०१९मध्ये पायथन ३.८ने डिक्शनरीलाही रिव्हर्स्ड दिलं (जनरेटरला आजही टाइपएरर येतो), २०२३मध्ये जावा २१ने क्रम असलेल्या कलेक्शनांना रिव्हर्स्ड दिलं.

मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांची गाडी अडते ती दुसरीकडे. रस्टमध्ये व्हेक्टरवर (यादीवर) एन्युमरेट करून, म्हणजे घटकांना क्रमांक देऊन, रेव्ह चालतं; चार्सवर, म्हणजे मजकुरातल्या एकेका चिन्हावर, ते कंपाइलच होत नाही. शेवटच्या घटकाला क्रमांक द्यायचा तर एकूण किती हे आधी कळायला हवं, आणि यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत एक चिन्ह १ ते ४ बाइटचं असल्यामुळे मोजल्याशिवाय ते कळत नाही. प्रत्येक चिन्हासोबत त्याची जागा देणारं चार_इंडायसेस वापरून रेव्ह केलं तर चालतं, पण आकडे बाइटचे येतात: 'मुंबई'साठी १२, ९, ६, ३, ०. शिवाय चिन्हं पाच (म, उकार, अनुस्वार, ब, ई), त्यामुळे उलटताना अनुस्वार 'ब'वर जाऊन बसतो आणि उकार लोंबकळतो. त्यासाठी युनिकोड-सेगमेंटेशन या क्रेटमधलं (रस्टच्या लायब्ररीतलं) ग्राफीम्स, म्हणजे डोळ्यांना दिसणारी अखंड अक्षरं, घ्या आणि त्यावर रेव्ह करा. मग 'ई', 'ब', 'मुं' असे अखंड तुकडे मिळतात.